उन्हाच्या आत घरचा सर्व्हर: तयारीची यादी

घरचा सर्व्हर, म्हणजे घरातले फोटो आणि फायली ठेवायला दिवसरात्र चालू राहणारा कॉम्प्युटर, म्हटलं की लोक आधी प्रोसेसर विचारतात. लातूर-नांदेडकडे आधी विचारायचं ते ऊन, धूळ आणि लाईटीचं. त्यांचा बंदोबस्त झाला की जुनंपानं यंत्रही वर्षानुवर्षं चालतं.

तेव्हा पहिली तयारी जागेची. पत्र्याची खोली आणि माळा दोन्ही बाद; मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखालचं तर बोलायलाच नको. जुनं माळवदाचं घर असेल तर जाड भिंतीतला कोनाडा धरा, फक्त त्याला दार नको. गार हवा मिळते म्हणून कूलरसमोर ठेवायचा मोह आवरा. ती हवा ओली असते.

यंत्र नवंच हवं असं नाही. ऑफिसांतून निघालेले लेनोव्हो, डेल, एचपीचे वहीएवढे छोटे पीसी सेकंड हँड बाजारात मिळतात. ८ जीबी रॅम पुरते. नवं घ्यायचंच तर इंटेल एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी बघा, त्यात बिनपंख्याचेही येतात. दिवसभर सरासरी १० वॉट खाल्ले तर महिन्याचे ७ युनिट होतात, बिलाची धास्ती नको. साठवणीला एसएसडी (आत काहीच फिरत नसल्याने बिनआवाजाची डिस्क) घ्या. उन्हाळ्यात पंख्याच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, पण डिसेंबरात पंखे बंद झाले की मोठ्या हार्डडिस्कची घरघर रात्रभर ऐकावी लागते. जुना पीसी आणला की आधी उघडा, ब्लोअरने धूळ काढा (मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरून बेअरिंग जातं) आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावा.

आता लाईट. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको. इकोवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून परत सुरू होतो. यूपीएसवर टाकलं की हा प्रश्न मिटतो, पण मग व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. संध्याकाळी बल्ब मिणमिणणाऱ्या गावात अशाने बॅटरी उतरत राहते. तिथे खटका इकोवरच ठेवा आणि सर्व्हरपुरता वेगळा छोटा यूपीएस (लाईट गेली की लगेच बॅटरीवर घेणारी पेटी) घ्या. राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस स्वस्तात येतो. शेवटी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन, लाईट आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं हे सेटिंग लावा, नाहीतर तुम्ही पुण्यात आणि बटण दाबायला घरी आईला फोन.

सॉफ्टवेअर थोडकंच ठेवा. विंडोजच्या जागी डेबियन (फुकट लिनक्स), फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी सिंकथिंग. बाहेरून जोडायला राऊटरचे पोर्ट (बाहेरच्यांना आत येण्याची दारं) उघडू नका; तसंही बऱ्याच फायबर जोडण्यांत स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही. टेलस्केल हे तुमच्याच यंत्रांना आपसात खाजगी जोडणारं अॅप टाकलं की दोन्ही अडचणी जातात.

सर्व्हर कितीही पक्का केला तरी माहिती गळते फोनमधूनच. गॅलरी उघडून बघा: आधार, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान, पीकविम्याची पावती. हे सगळं आधी सर्व्हरवर घ्या, तिथे उघडून खात्री करा, मगच फोनमधून आणि व्हॉट्सअॅपच्या चॅटमधूनही काढा. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. ऑनलाइन सेंटरवर प्रिंटसाठी व्हॉट्सअॅप वेब जोडलं असेल तर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन अनोळखी कॉम्प्युटर काढून टाका. तिथला माणूस कितीही ओळखीचा असो. लोकेशनची परवानगी नकाशाला ‘अॅप वापरताना’ एवढीच, टॉर्च आणि कॅलेंडरला काहीच नाही. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी डिलीट करता येतो, तोही करा. सिमला पिन लावा.

लग्नसराईत घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट बजावून ठेवा: पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके (फोनमध्ये अॅप टाकणारी फाईल) म्हणून नाही. असली फाईल टाकली गेलीच तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

बॅकअपची एक डिस्क घरी ठेवा, पण जोडून ठेवू नका. वळवाच्या विजा प्लगमधून आत येतात. दुसरी डिस्क कूटबद्ध करून (पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी) भावाकडे किंवा सासुरवाडीला. पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेवा आणि कागद कुठे आहे ते घरात आणखी एकाला सांगा. मग बॅकअपमधून चार फोटो परत काढून बघा. ते उघडले की फोनमधले जुने फोटो पुसायला हरकत नाही.