हस्ताच्या पावसात सोयाबीनची काढणी : मराठवाड्यासाठी आठवड्याचा हवामान व पीक सल्ला

सोयाबीनची पाने गळून शेंगा तपकिरी पडल्या आहेत, मजुरांच्या टोळ्या एका बॅग बियाण्याच्या पेऱ्यामागे गुत्त्याचा, म्हणजे ठोक मजुरीचा, दर ठरवू लागल्या आहेत आणि दुपार कलली की आभाळ भरून येत आहे. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. चार महिने राबून उभे केलेले पीक याच दिवसांत घरात येते किंवा रानात भिजते. त्यामुळे हा सल्ला मुख्यतः एका निर्णयाविषयी आहे : आज किती सोयाबीन कापायचे? आमचे मत असे की, संध्याकाळपर्यंत गोळा करून ताडपत्रीखाली नेता येईल तेवढेच कापावे, मग ते एक एकर असो वा अर्धा. टोळी मिळाली आहे म्हणून पाच एकर एकाच दिवशी आडवे करण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण टोळी पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसते. परंतु उभ्या पिकाच्या शेंगा पाऊस थांबल्यावर वाऱ्याने लवकर सुकतात, तर कापून पसरलेल्या पिकाच्या खालच्या थरातील शेंगा ओल्या मातीला टेकून राहतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांना कोंब फुटू लागतात.

या काळातील पाऊस दोन प्रकारांनी येतो व दोन्हींची तयारी वेगळी असते. पहिला प्रकार स्थानिक ढगांचा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली करणारा उकाडा, तीन-चारच्या सुमारास उंच चढत जाणारे ढग आणि मग वादळी वारा व विजांसह तासाभराचा जोराचा पाऊस, असा त्याचा क्रम असतो. हा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या गावात धुरळाही बसत नाही. दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा. आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलेली ही प्रणाली तेलंगणा ओलांडून पश्चिमेकडे सरकली, तर तिचा पाऊस साधारण 24 ते 48 तासांत मराठवाड्यात पोहोचतो आणि तो जिल्हेच्या जिल्हे व्यापतो. ‘गुलाब’ चक्रीवादळ 26 सप्टेंबर 2021 रोजी कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढच्या दोन दिवसांत त्याच्या अवशेषाने बीड, लातूर, धाराशिव भागांत असा पाऊस पाडला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. 13 ऑक्टोबर 2020 रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेल्या खोल कमी दाबाच्या पट्ट्याचाही असाच अनुभव आला. म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या पावसाची दोन दिवस आधी चाहूल लागते, आणि कापलेले पीक गोळा करायला दोन दिवस पुरेसे असतात. आठवडाभर रोज संध्याकाळी फक्त एवढे पाहावे की उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे का, आणि त्याचा मार्ग पश्चिमेकडे दाखवला आहे का.

हवामान अंदाज वाचताना त्यातील शब्दांचा नेमका अर्थ माहीत असावा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातील जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे 51 ते 75 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ एवढाच अंदाज असेल, तर काढणी थांबवण्याचे कारण नाही. मात्र ताडपत्री घरी ठेवून शेतात जाऊ नये. अंदाज ‘बऱ्याच ठिकाणी मध्यम पाऊस’ असा झाला की नवीन कापणी थांबवून कापलेले पीक आवरायला घ्यावे. 24 तासांत 15.6 ते 64.4 मिलिमीटर पाऊस झाला तर तो मध्यम आणि त्यापुढे 115.5 मिलिमीटरपर्यंत जोरदार समजला जातो. एका एकरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. या हिशेबाने 65 मिलिमीटरच्या पावसात एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटर पाणी येते. एवढे पाणी काळ्या भारी जमिनीत झटपट मुरत नाही, हे लक्षात घेऊन धुऱ्याकडेचे (बांधाकडेचे) चर आणि शेताच्या उताराच्या टोकाची वाट आजच मोकळी करून ठेवावी.

अंदाजाचे पहिले तीन दिवस भरवशाचे मानावेत. पुढचे दिवस केवळ कल समजण्यासाठी वापरावेत आणि अंदाज रोज नव्याने पाहावा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सेवेचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो आणि तो ‘मेघदूत’ ॲपवर जिल्हानिहाय पाहता येतो. मोबाइलवर पुढे-पुढे ढकलले जाणारे, तारीख नसलेले संदेश पाहून टोळीला नकार देऊ नये आणि होकारही देऊ नये. त्यातील कित्येक संदेश मागच्या वर्षीचे असतात.

आता प्रत्यक्ष काढणीविषयी. 90 ते 95 टक्के शेंगांचा रंग तपकिरी झाला की पीक कापणीस तयार झाले असे समजावे. झाड हलवल्यावर शेंगेत दाणा वाजतो, ही जुनी खूण आजही खरी आहे. जेएस 335 सारख्या वाणांत पक्वतेनंतर आठवडाभर उशीर झाला आणि ऊन-पावसाचा खेळ चालू राहिला, तर शेंगा उकलून दाणे जमिनीवर पडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस 158 हा वाण या बाबतीत तुलनेने सोशिक आहे. म्हणून रानात दोन वाणांचे सोयाबीन असेल, तर उकलणारा वाण आधी कापावा. कापणी सकाळी लवकर सुरू करावी. दवामुळे शेंगा किंचित नरम असतात आणि विळ्याच्या झटक्याने फुटत नाहीत. दुपारी दोननंतर नवीन कापणीला हात न घालता सकाळी कापलेले गोळा करण्यात मजूर लावावेत. हा क्रम विजांपासून सुरक्षिततेसाठीही योग्य आहे, कारण स्थानिक ढगांचा पाऊस आणि वीज बहुधा दुपारनंतर येते. गडगडाट ऐकू येताच विळे-कुदळी बाजूला ठेवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या निवाऱ्यात किंवा ट्रॅक्टरच्या आडोशाला थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर 30 मिनिटे पुन्हा रानात उतरू नये. ‘दामिनी’ ॲप आपल्या परिसरातील विजांची सूचना देते. टोळीतील निदान एकाच्या मोबाइलमध्ये ते असावे.

कापलेल्या पिकाची गंजी शेतातील उंचवट्यावर लावावी. खाली जुनी ताडपत्री किंवा तुराट्यांचा थर द्यावा, भोवती वीतभर खोल चर काढावा आणि शेंगांची बाजू आत ठेवून माथा निमुळता करावा. ताडपत्रीने गंजी जमिनीपर्यंत आवळून बांधण्याची चूक फार जण करतात. आत अडकलेली वाफ बाहेर निघत नाही आणि पाऊस न लागताही दाणा काळवंडतो. खालची हातभर बाजू उघडी ठेवावी आणि ऊन पडताच ताडपत्री दूर करावी. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या अशाच एका आवळलेल्या गंजीत मी कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा आत नुकत्याच विझलेल्या चुलीसारखी धग होती आणि बाहेर काढलेल्या शेंगांना आंबूस वास येत होता. तेव्हापासून गंजी लावणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की, रोज सकाळी दोन-तीन ठिकाणी हात घालून पाहावा. धग लागली तर मळणीची वाट न पाहता गंजी मोडून पीक पातळ पसरावे.

कापलेले पीक पसरलेले असतानाच पाऊस झाला, तर ओल्या अवस्थेत त्याचा ढीग करू नये. वरचा थर सुकल्यावर काठीने किंवा दाताळ्याने पेंढ्या हलक्या हाताने उलटाव्यात. पाणी साचलेल्या वाफ्यातील पीक आधी उचलून बांधावर किंवा उंच जागी न्यावे. कोंब आलेला आणि बुरशी लागलेला माल वेगळा मळावा. चांगल्या मालात तो मिसळला तर बाजारात सगळ्या पोत्यांचा भाव पडतो.

दाण्यातील ओलावा 13 ते 14 टक्क्यांवर आला की मळणी करावी. दाणा दातांखाली धरला असता चेपला तर माल ओला आहे, कट्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर हडंबा (मळणीयंत्र) बोलवायला हरकत नाही. ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 एवढेच ठेवण्याचा आग्रह मळणीयंत्रवाल्याकडे धरावा, कारण त्याला घाई असते आणि डाळ होते ती आपल्या दाण्याची. हमीभावाने विक्रीसाठी ओलावा 12 टक्क्यांपर्यंतच चालतो. एक हिशेब येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे : 18 टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन 12 टक्क्यांपर्यंत वाळवले, तर ते सुमारे 93 किलो भरते. त्यामुळे ओल्या मालाच्या भावात सात टक्क्यांहून फार मोठी कपात होत असेल आणि पुढचे तीन-चार दिवस उन्हाचे असतील, तर माल खळ्यावर वाळवून नेणेच फायद्याचे ठरते. पावसाचा अंदाज असेल आणि घरात वाळवायला जागा नसेल, तर मात्र थांबू नये.

पुढील वर्षाचे बियाणे घरचेच ठेवायचे असल्यास पाऊस न लागलेल्या पट्ट्यातील पीक वेगळे कापावे आणि वेगळे मळावे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल अतिशय पातळ असते. पोती उंचावरून आपटली तरी उगवण घटते. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किमान 70 उगवतात का, हे तपासून पाहावे.

कपाशीत सततच्या पावसानंतर पाणी साचून झाडे अचानक मलूल होतात. पाणी काढून दिल्यावर 24 ते 48 तासांच्या आत 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी 100 मिली द्रावण ओतावे. उशीर झालेली झाडे क्वचितच सावरतात. फुटलेला कापूस दव उडाल्यावर वेचावा आणि भिजलेला कापूस वेगळा ठेवावा. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावून रोज पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले तरच फवारणीचा विचार करावा आणि ती पावसाची उघडीप पाहूनच करावी. तूर, वसमत-हिंगोली भागातील हळद आणि अंबड-पैठण पट्ट्यातील मोसंबी या तिन्ही पिकांना या आठवड्यात सर्वांत मोठी गरज आहे ती मुळाशी पाणी न थांबण्याची.

सोयाबीन उठलेल्या रानात रब्बीची तयारी वाफशाकडे, म्हणजे मातीत मशागतीजोगी ओल आहे का याकडे, पाहून करावी. मूठभर माती दाबून केलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला, तर वखराची पाळी देता येते. तो चिखलासारखा चपटा झाला, तर दोन दिवस थांबावे. ओल्या रानात ट्रॅक्टर घातल्यास निघणारी ढेकळे हंगामभर त्रास देतात. कोरडवाहू ज्वारी आणि करडईची पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत आटोपण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे जमिनीतील ओल पुढे पीक पोटऱ्यात येईपर्यंत (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेपर्यंत) पुरते. कोरडवाहू हरभऱ्याचे बी ओलीपर्यंत जाईल असे खोल पडावे. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावून सुकवावे आणि पेरणीच्या दिवशी सावलीत रायझोबियम हे जिवाणू खत चोळावे. पाण्याची सोय असलेल्यांनी हरभऱ्याची घाई करू नये. परतीचा पाऊस ओसरून रात्री गारवा जाणवू लागेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध सुरू होईपर्यंत, त्यांना थांबता येते.