अमेरिकेच्या कर्जमर्यादेचा पेच कसा वाचावा: भाषणं सोडा, रोकड आणि कॅलेंडर धरा

आधी दोन भांडणं वेगळी करा; बातम्यांमध्ये त्यांची सतत गल्लत होते. १ ऑक्टोबरपर्यंत खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत तर शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज बंद, होतो. कर्मचारी घरी बसतात, पण सोशल सिक्युरिटीची पेन्शन आणि रोख्यांवरचं व्याज चालू राहतं. कर्जमर्यादेचं प्रकरण वेगळं आहे. तिथे खर्च कायद्याने आधीच ठरलेला असतो, फक्त त्यासाठी कर्ज काढायची कायद्याने घातलेली मर्यादा, म्हणजेच परवानगी, संपते. म्हणूनच यात पेन्शनही अडकू शकते आणि व्याजही.

मर्यादा गाठली त्या दिवशी काहीच बिघडत नाही. २०२३ मध्ये ३१.४ ट्रिलियन डॉलरची मर्यादा १९ जानेवारीलाच गाठली गेली आणि तडजोडीचा कायदा जूनमध्ये झाला. मधले महिने ट्रेझरी (अमेरिकेचं अर्थखातं) 'असाधारण उपायां'वर काढते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेतला जी फंड आणि त्यांचा निवृत्तिवेतन निधी यांतली सरकारी रोख्यांची गुंतवणूक तात्पुरती थांबवली जाते आणि तेवढी जागा नव्या कर्जाला मिळते. पेच सुटल्यावर कायद्यानुसार ही रक्कम व्याजासह भरून दिली जाते, त्यामुळे 'कर्मचाऱ्यांचा फंड लुटला' ही ओरड निरर्थक आहे.

खरी तारीख म्हणजे एक्स-डेट, पैसे संपण्याचा दिवस. तिचा अंदाज घरबसल्या घेता येतो. ट्रेझरी कामाच्या प्रत्येक दिवशी आदल्या दिवसाचं रोकडपत्रक प्रसिद्ध करते. त्यातले दोनच आकडे रोज उतरवून घ्या: खात्यातली अखेरची शिल्लक आणि मर्यादेखाली येणारं कर्ज. मग कॅलेंडरवर खुणा करा. महिन्याच्या १ तारखेच्या आसपास मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), सैनिक आणि माजी सैनिकांची मोठी देणी असतात. सोशल सिक्युरिटी ३ तारखेला आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बुधवारी जाते. रोख्यांचं व्याज १५ तारखेला आणि महिनाअखेर. जमेच्या बाजूला १५ एप्रिल, १५ जून आणि १५ सप्टेंबर हे कराचे दिवस.

या खुणा एकत्र पाहिल्या की जूनचे पहिले दोन आठवडे का धोक्याचे ते कळतं: एप्रिलचा कर खर्च झालेला असतो आणि १५ जूनचा अजून आलेला नसतो. मे २०२३ च्या अखेरीस शिल्लक ५० अब्ज डॉलरच्याही खाली गेली होती. तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी आधी १ जून म्हटलं, मग ५ जून. तारीख सरकली की 'बघा, थापा मारत होते' असं विरोधक म्हणतात. प्रत्यक्षात रोजची जमा दोन-पाच अब्जांनी इकडेतिकडे झाली तरी तारीख हलते. शिवाय १५ जून पार झाला की ३० जूनला निवृत्तिवेतन निधीतून नवी जागा मिळते आणि पेच अनेक आठवडे लांबू शकतो. बाजाराचा कौल हवा असेल तर एक्स-डेटच्या अलीकडे आणि पलीकडे मुदत संपणाऱ्या ट्रेझरी बिलांचे (अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांचे) व्याजदर शेजारीशेजारी ठेवा. पलीकडचा दर अचानक उंच दिसला तर गुंतवणूकदार खरोखर धास्तावलेत.

आता मर्यादा वाढवायला लागणारी मतं मोजा. प्रतिनिधिगृहात (कनिष्ठ सभागृहात) पूर्ण हजेरीत २१८, सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६०. अर्थसंकल्पीय 'रिकन्सिलिएशन' मार्ग वापरला तर सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. विरोधकांची मतं लागणार नसतील तर ताणून धरण्याला फारसं बळ राहत नाही. जुलै २०२५ मध्ये याच मार्गाने मर्यादा ५ ट्रिलियनने वाढवली गेली.

सामाजिक योजनांवरच्या मागण्या वाचताना पहिलं विधेयक म्हणजे बोली समजा. २६ एप्रिल २०२३ ला प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१५ मतांनी जे मंजूर केलं, त्यात मेडिकेडसाठीही (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा) कामाची अट होती. तडजोडीच्या ३ जूनच्या कायद्यात ती उरली नाही. अन्नसाहाय्याच्या 'स्नॅप' योजनेत मात्र अपत्य सांभाळायचं नसलेल्या धडधाकट प्रौढांसाठी कामाच्या अटीची वयोमर्यादा ४९ वरून टप्प्याटप्प्याने ५४ वर गेली, आणि माजी सैनिक व बेघरांना सूट मिळाली. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या सवलतींमुळे स्नॅपचा खर्च उलट सुमारे २ अब्जांनी वाढणार होता! म्हणून 'कपात' हा शब्द दिसला की त्या कार्यालयाचा तक्ता उघडा.

दुसरी गोष्ट, योजनेचा पैसा येतो कुठून ते पाहा. खर्चावरची कमाल मर्यादा फक्त दरवर्षी मंजूर होणाऱ्या रकमांना लागते. कर्जमर्यादेच्या तडजोडीच्या २०११ च्या कायद्यातून आलेल्या सरसकट कपातीतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेड वगळले होते, मेडिकेअरची कात्री २ टक्क्यांवर थांबली. हेड स्टार्टसारख्या बालवाडी योजनांना ती पुरती लागली.

पैसे संपले तरी 'व्याज आधी देऊ, बाकीचं नंतर' या आश्वासनावर विसंबू नका. ट्रेझरीची यंत्रणा देणी देय तारखेप्रमाणे चुकती करायला बनली आहे. २०११ मध्ये कमीत कमी हानीचा मानला गेलेला पर्याय म्हणजे एका दिवसाच्या सगळ्या देण्यांइतकी रोकड जमेपर्यंत ती सगळी देणी रोखून धरणं. अशाने उशीर दिवसागणिक वाढत जातो.

तडजोडीवर सही झाली म्हणून नोंदवही मिटू नका. २ ऑगस्ट २०११ ला सही झाली आणि ५ ऑगस्टला एस अँड पी या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन उतरवलं. मर्यादा आकड्याने वाढवली आहे की ठरावीक मुदतीपर्यंत स्थगित केली आहे, तेही तपासा: स्थगिती संपली की दरम्यान काढलेलं कर्ज मिळवून नवी मर्यादा ठरते. २०२३ ची स्थगिती संपल्यावर जानेवारी २०२५ मध्ये ती ३६.१ ट्रिलियन झाली, आणि त्याच महिन्यात असाधारण उपाय पुन्हा सुरू झाले.