आंतरराष्ट्रीय शाळेत नवा विद्यार्थी रुळताना

नव्या विद्यार्थ्याच्या नावाचा उच्चार पालकांकडून आधीच नीट ऐकून घ्यावा. हजेरीत पहिल्याच दिवशी नाव चुकले, तर काही मुले संकोचापोटी तेच चुकीचे नाव वर्षभर चालवून घेतात. सोबतीला एक वर्गमित्र द्यावा, शक्यतो स्वतः कधीतरी शाळा बदललेला. खरी कसोटी मधल्या सुट्टीत लागते: हातात ताट घेऊन कुठे बसावे हे न कळून घुटमळणाऱ्या मुलासाठी त्या मित्राने शेजारची जागा राखून ठेवावी.

नवी भाषा शिकणारे मूल सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही, गप्प राहते. तेव्हा ते ऐकत, समजून घेत असते, म्हणून बोलण्याची सक्ती करू नये. गप्पांपुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला मात्र ५ ते ७ वर्षे लागू शकतात. घरात मातृभाषा बंद करा, असा सल्ला तर पालकांना मुळीच देऊ नये.