पोर्टेबल पॉवर स्टेशन घेताय? आधी घरचा लोड मोजा, मग मॉडेल ठरवा

लिथियम बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत, वर उचलायला हँडल, पुढे २३० व्होल्टचे सॉकेट, यूएसबी आणि १२ व्होल्टचं आउटपुट: पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे एवढंच. दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेटचा येतो. पण त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात. काय चालवायचं, किती वेळ चालवायचं आणि रिकामं झाल्यावर ते भरायचं कशावर?

कोल्हापुरात तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, शहराच्या बऱ्याच भागांत लाइट गेली, आणि आभाळ तर भरलेलंच होतं. म्हणजे वीज नाही, ऊन नाही आणि जनरेटरच्या इंधनाचीही खात्री नाही. पंचगंगेकाठच्या घराने हिशेब या दिवसांचा धरायचा, उन्हाळ्यातल्या तासाभराच्या खोळंब्याचा नाही.

१. वॅट आणि वॅट-अवर वेगळे वाचा

वॅट म्हणजे एका वेळी किती लोड ओढता येईल. वॅट-अवर म्हणजे एकूण साठा. वीजबिलातलं १ युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर, त्यामुळे ‘१,००० वॅट-अवर’च्या स्टेशनमध्ये कागदोपत्री एक युनिट वीज असते. हातात तेवढी येत नाही. बॅटरीची वीज २३० व्होल्टवर नेताना साधारण १० ते १५ टक्के वाया जाते, म्हणून साठ्याला ०.८५ ने गुणून जो आकडा येईल तोच आपला धरावा.

खोक्यावर नुसते एमएएच (मिलिअँपिअर-अवर) मोठ्या अक्षरात छापले असतील तर सावध व्हा. तो आकडा बहुतेक वेळा ३.७ व्होल्टच्या सेलवरचा असतो. २,७०,००० एमएएच ऐकायला प्रचंड वाटतं. ३.७ ने गुणून १,००० ने भागा, की जेमतेम १,००० वॅट-अवर उरतात.

२. घरच्या मीटरवर लोड मोजा

उपकरणावरच्या पट्टीवर लिहिलेले वॅट कमाल असतात, प्रत्यक्षात ते कमी-जास्त होतात. खरा आकडा महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरूनच काढता येतो, वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३,२००. एक पल्स म्हणजे दिव्याची एक लुकलुक. लुकलुकणारा लाल दिवा शोधा. एकाहून जास्त दिवे असतील तर ज्याच्याशेजारी ‘पल्स’ किंवा ‘कॅल’ लिहिलंय तोच घ्या, कारण दुसरा बहुधा अर्थ लीकेजचा, म्हणजे जमिनीत होणाऱ्या वीजगळतीचा, असतो.

आता घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, टीव्हीचा स्टँडबायसुद्धा. फक्त मोजायचं उपकरण चालू ठेवा. एका लुकलुकीला मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करून तिला शून्य म्हणा, दहाव्या लुकलुकीला थांबवा आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागा. ३,२०० पल्सच्या मीटरवर १,१२५ भागिले हे सेकंद म्हणजे वॅट. दोन लुकलुकींमध्ये १५ सेकंद गेले तर पंखा ७५ वॅट ओढतोय. १,६०० पल्सचा मीटर असेल तर २,२५० ला भागा.

फ्रिजला ही युक्ती अपुरी पडते, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्याच्या स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट घ्या आणि ३६५ ने भागा. २२० युनिटचा फ्रिज दिवसाला सुमारे ६०० वॅट-अवर खातो, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त.

३. गरजेप्रमाणे बेरीज करा

पुराचं घर आधी घेऊ. ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब ५ तास म्हणजे ९० वॅट-अवर. तीन मोबाईल रोज एकदा पूर्ण चार्ज करायला ७५. राउटर १० वॅटचा, ६ तास, म्हणजे ६०. दिवसाचे झाले २२५, चार दिवसांचे ९००. याला ०.८५ ने भागलं की साधारण १,०६० येतात. म्हणजे १,००० ते १,२०० वॅट-अवरचं स्टेशन काटकसरीने चार दिवस तग धरेल.

यात फ्रिज बसत नाही. चार दिवसांचे २,४०० वॅट-अवर एकटा फ्रिजच घेईल. आमचं स्पष्ट मत असं, की पुरासाठी घेतलेल्या स्टेशनवर फ्रिज लावूच नये. दूध-भाजीपेक्षा चालू फोन मोलाचा. इन्सुलिनसारखं औषध घरात असेल तर ते थंड कसं ठेवायचं हे पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. पंखा मात्र यादीत घेता येईल: ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ८ तासांना २४० वॅट-अवर घेतो, जुना ७५ वॅटचा तेवढ्याच वेळात ६००.

रंकाळ्यावर किंवा जोतिबाच्या यात्रेत गाडा लावणाऱ्याचं गणित वेगळं. २० वॅटचे चार एलईडी, वजनकाटा आणि पेमेंटचा स्पीकर मिळून ९० वॅट. पाच तासांचे ४५०, ०.८५ ने भागून ५३०. इथे ६०० चं स्टेशन पुरतं. पण चटणीसाठी ७५० वॅटचा मिक्सर सगळा मिळून वीस मिनिटं जरी फिरला तरी २५० वॅट-अवर वाढतात, आणि मुख्य म्हणजे ६०० च्या बऱ्याच मॉडेल्सना तो सुरूच करता येत नाही. तेव्हा थेट १,००० वॅट-अवर, आणि आउटपुट किमान १,०५० वॅट.

घरून काम करणाऱ्याला डेस्कटॉप आणि राउटर मिळून १६० वॅट, दोन तास. ५०० वॅट-अवर भरपूर झाले. फक्त लाइट गेल्यावर स्टेशन स्वतःच्या बॅटरीवर किती वेळात जातं ते पाहा. २० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संगणक सहसा बंद पडत नाही.

४. मोटरचा सुरुवातीचा झटका धरा

मोटर सुरू होताना क्षणभर चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढते. १२० वॅटवर चालणारा जुन्या कॉम्प्रेसरचा फ्रिज सुरू होताना ६०० ते १,००० वॅट मागू शकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू सुरू होतो, त्याला एवढा त्रास नाही. स्टेशनच्या पत्रकात ‘रेटेड’ (सतत देता येणारे वॅट) आणि ‘सर्ज’ (क्षणभर देता येणारे वॅट) असे दोन आकडे असतात. चालू लोडची बेरीज रेटेडच्या ८० टक्क्यांत आणि झटका सर्जच्या आत बसला पाहिजे, नाहीतर ओव्हरलोडचं चिन्ह येऊन आउटपुट बंद होतं.

‘बूस्ट मोड’वर भुलू नका. तो व्होल्टेज खाली आणून लोड कमी करतो. हीटर, इस्त्रीला चालतं, मोटरला नाही. एक एचपीची पाण्याची मोटर, गीझर, दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी या गोष्टी १,००० वॅटच्या स्टेशनसाठी नाहीतच.

५. पेटीच्या आत काय आहे ते विचारा

बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हवी. ती साधारण ३,००० वेळा भरून रिकामी करता येते, एनएमसी या दुसऱ्या लिथियम प्रकारात हा आकडा सहसा ५०० ते ८०० असतो. एलएफपी थोडी जड असते, पण उष्णतेला जास्त दाद देत नाही. इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’चा, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा, घ्या, दुसऱ्यावर पंखा गुणगुणतो आणि कॉम्प्रेसर तापतो. परदेशातून आणलेलं ११० व्होल्टचं मॉडेल स्वस्त मिळालं तरी नको.

एक गळती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. २३० व्होल्टचं बटण नुसतं चालू ठेवलं तरी इन्व्हर्टर स्वतःसाठी १० वॅटच्या आसपास घेतो. चोवीस तासांत २४० वॅट-अवर गेले, म्हणजे वरच्या यादीतला अख्खा एक दिवस. म्हणून राउटर शक्यतो १२ व्होल्टच्या डीसी आउटपुटवर लावा, मोबाईल यूएसबीवर. राउटर २३० व्होल्टवरच लावावा लागला आणि तो मधेच बंद पडत असेल तर बिघाड समजू नका: लोड फार कमी दिसला की इको मोड आउटपुट बंद करतो. तो मोड बंद करा.

६. भरणार कशावर?

२०० वॅटचं सोलर पॅनेल मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात १३० ते १५० वॅट देतं. जुलैच्या झडीत त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी खूप. त्यामुळे सोलर यात्रेसाठी, शेतावरच्या मुक्कामासाठी घ्या, पुराच्या भरवशावर नको. छतावरचं मोठं पॅनेल जोडायचं असेल तर त्याचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता पॅनेलवर येणारं व्होल्टेज) बघा. ते बहुधा ४० च्या वर असतं, आणि अनेक छोट्या स्टेशनची मर्यादा ३० व्होल्टच्या आत. जास्त व्होल्टेज गेलं की इनपुट जळतं. गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवरून साधारण १०० वॅट मिळतात, म्हणजे १,००० वॅट-अवर भरायला इंजिन चालू ठेवून दहा-बारा तास.

पुरासाठी नियम सोपा ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की स्टेशन १०० टक्के भरून माडीवर नेऊन ठेवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नका. एरवी महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून तीन महिन्यांनी एकदा पाहा. पाण्यात बुडालेलं स्टेशन चालू किंवा चार्ज करून बघायचं नाही, उन्हात वाळवायचंही नाही. घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवा.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून स्टेशनची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेरच्या तारेवर जाते आणि दुरुस्तीला आलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

७. पैसे देण्याआधी आणि दिल्यावर

घर पूरक्षेत्रात नसेल आणि फक्त पंखे-दिवेच चालवायचे असतील, तर १५० एएच (अँपिअर-अवर) च्या ट्युब्युलर बॅटरीचा साधा इन्व्हर्टर तेवढ्या साठ्याला बराच स्वस्त पडतो. पन्नास किलोंवरची ती बॅटरी उचलून माडीवर नेता येत नाही, तर १,००० वॅट-अवरचं एलएफपी स्टेशन दहा ते चौदा किलोंचं असतं. हा फरक तुमच्या कामाचा आहे का, एवढंच बघा.

दुरुस्ती कोल्हापुरात होते की पेटी बाहेरगावी पाठवावी लागते, हे आधीच विचारा. मोठी लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते आणि बरेच कुरिअरवाले ती घेत नाहीत.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी घ्या. पूर्ण भरा, मीटरवर मोजलेला साधारण १०० वॅटचा लोड २३० व्होल्टच्या सॉकेटवर लावा आणि बंद पडेपर्यंत वेळ मोजा. १,००० वॅट-अवरचं स्टेशन साडेआठ तासांच्या आसपास चाललं पाहिजे. सात तासांच्या आत थांबलं तर लोड पुन्हा मोजून खात्री करा, आणि बिल घेऊन दुकान गाठा.