टेकन ३ मध्ये जिनचं रिव्हर्सल कसं मारावं

बेळगावात कुस्ती बघत वाढलेल्याला हा डाव समजायला वेळ लागत नाही. समोरचा पटात शिरला की त्याच्याच जोरावर त्याला पालथा घालायचा, हे आनंदवाडीच्या आखाड्याभोवती बसणाऱ्या पोरांनाही कळतं. टेकन ३ या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या जिन काझामा या पात्राचं रिव्हर्सल, म्हणजे उलटा डाव, तसंच आहे. आलेला ठोसा किंवा लाथ वाटेतच धरायची आणि मारणाऱ्यालाच आपटायचं.

टेकन ३ आर्केडमध्ये, म्हणजे पार्लरमधल्या मशीनवर, १९९७ साली आलं, प्लेस्टेशनवर १९९८ साली. जिन याच गेममध्ये पहिल्यांदा दिसला आणि तो सुरुवातीपासूनच निवडता येतो, काही उघडावं लागत नाही. पॉल आणि निना या पात्रांकडेही रिव्हर्सल आहे, पण शिकायला मी जिनच सुचवेन.

आधी बोटं बसवा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोनाचं बटण म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. मागची दिशा दाबून चौकोन आणि फुली एकदम दाबा, किंवा मागे दाबून त्रिकोण आणि गोल एकदम. दोन्हींनी रिव्हर्सलच निघतं. मला चौकोन-फुली सोपं जातं, अंगठा तिरका टेकवला की दोन्ही एका दाबात बसतात. दोन बटणांत जरा जरी मागंपुढं झालं तर नुसताच ठोसा किंवा लाथ निघते. ‘मागे’ म्हणजे समोरच्यापासून लांब जाणारी दिशा. बाजू बदलली की मागेही बदलतं, आणि नवशिके हमखास इथंच चुकतात. मोबाइलवर खेळत असाल तर कंट्रोलर जोडा. काचेवर हे नीट जमत नाही.

मग काय धरता येतं ते पाठ करा. डोक्याच्या आणि पोटाच्या उंचीवरचे ठोसे-लाथा धरता येतात. खालून पायावर येणारी लाथ धरता येत नाही, थ्रो, म्हणजे धरून आपटणं, तर नाहीच. म्हणून जमिनीलगत फिरणाऱ्या एडी या पात्रासमोर हा डाव जपून काढा. समोर ह्वोरांग हे पात्र मिळालं तर मात्र सोनंच, त्याच्या कितीतरी लाथा वरून येतात.

आता खरी गोष्ट, वेळ. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी पळतो. लाथ दिसल्यावर दाबू म्हणालात तर उशीर झालेला असतो. लाथ येणार हे आधी ओळखायचं आणि ती सुटायच्या बेतात असतानाच दाबायचं.

शहापूरच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये निपाणीचा माझा मावसभाऊ मला रोज ह्वोरांगनं बडवायचा. मी घाबरून सारखं रिव्हर्सल दाबायचो आणि ते हवेत जायचं. एकदा पार्लरवाले मामा मागून म्हणाले, “नुसतं बटणं दाबूलालास की रे, त्याच्याकडं बघ जरा!” बघितलं. दोन ठोसे अडले की तो अर्धं पाऊल मागं सरायचा आणि लगेच उजवी लाथ टाकायचा. दर वेळी तेच. पुढच्या डावात त्याचं पाऊल मागं गेलं आणि मी दाबलं. त्याची लाथ जिनच्या हातात आली! तो आवाज मला अजून आठवतो.

तेव्हा पहिल्या राउंडमध्ये रिव्हर्सल काढूच नका. मागे धरून मार अडवा आणि तो काय-काय परत करतोय ते मोजा. उठल्या उठल्या काय मारतो? मार अडला की काय मारतो? एक सवय सापडली की दुसऱ्या राउंडला फक्त त्या एका जागी दाबा.

सरावाला मित्र घ्या. त्याला एकच लाथ दहा-पंधरा वेळा मारायला सांगा, मग तीच लाथ त्याच्या मर्जीच्या वेळी. हे जमलं की एक खालची लाथ मध्येच मिसळू द्या.

हुकलं की मार बसणारच. दोन बटणं दाबली की तुमचा बचाव सुटतो आणि जिन क्षणभर उघडा पडतो. जाणता खेळाडू मुद्दाम थांबतो, तुमचा हात रिकामा गेला की पट्कन थ्रो करतो. एकदा असं झालं की त्या राउंडमध्ये परत लगेच दाबू नका.

आणि कुणी तुमचीच लाथ धरली तर? सुटकाही आहे. डावा हात-पाय धरला गेला असेल तर पुढे दाबून चौकोन-फुली, उजवा असेल तर पुढे दाबून त्रिकोण-गोल, तेही पकड बसताक्षणी. त्यासाठी आपण कुठला पाय टाकला हे टाकतानाच डोक्यात हवं.