नाचाच्या स्पर्धेला निघताना

सोलापूरहून पुण्याला स्पर्धेसाठी जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसने जा नाहीतर गाडीने, पोशाखाची पिशवी डिकीत किंवा सीटखाली कोंबू नका. ती आपल्या हाताशीच ठेवा. आमच्याकडे एकदा एकच घुंगरू पोचलं, दुसरं घरी पलंगाखाली! तेव्हापासून आदल्या रात्री लेकीला पूर्ण पोशाख, दागिन्यांसकट, घालायला लावते आणि अंगावरून उतरेल तसा एकाच पिशवीत भरते. काही राहायचा प्रश्नच नाही. वर सेफ्टी पिना, सुईदोरा, केसाच्या पिना. पिना दुप्पट घ्या, दुसऱ्यांची मुलं मागायला येतातच.

गाणं पेनड्राइव्हवर आणि दोन मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा. हॉलमध्ये रेंजचा भरवसा नाही.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम, प्रवासात खराब होत नाही. पण चटणी पोशाख चढवायच्या आधीच संपवा. तिचं लाल तेल रेशमावर पडलं की निघत नाही. नाचाआधी तासभर केळं, बास. आणि धाकट्यासाठी रंगखडू न्या, नंबर यायला तीन-तीन तास लागतात, तोवर तोच खरा कार्यक्रम करतो.