लाकडाची, दगडाची धूळ: वर्कशॉपमधे या चुका टाळा

अंबडला आमचं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, आणि यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात. सगळ्यात मोठी म्हणजे संध्याकाळी काम संपलं की कंप्रेसरची हवा अंगावर मारून कपडे झटकायचे. जाड भुसा खाली पडतो, पण जे बारीक पीठ डोळ्याला दिसतही नाही ते कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतं आणि आपण तिथंच उभं राहून गप्पा मारतो. डिसेंबरात तर बघायलाच नको, थंडी म्हणून शटर अर्धं खाली अन् आत सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, चालू! हवा मारायची बंद करा, व्हॅक्यूम लावा, नाहीच जमलं तर ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू नकोच.

"लाकूडच तर आहे, त्याने काय होतंय" हे सगळेच म्हणतात. अहो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मधेच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं. नाकाचा आणि सायनसचा. आजार तसा दुर्मिळ, पण दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात, म्हणून कोणी त्याचा संबंध रंध्याशी जोडत नाही. एकाच बाजूचं नाक सारखं बंद, त्यातून रक्त, तर ड्रॉप टाकत बसू नका, कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

ओटा बसवणारे कारागीर कोरडा ग्रॅनाइट कटरने कापतात, ती धूळ तर अजून वाईट. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, असते, १९९७ पासून तीही पहिल्या गटात, फुफ्फुसाचा कॅन्सर आणि सिलिकोसिस (या धुळीने फुफ्फुसं कडक होत जातात तो आजार) दोन्ही होतं, टीबीचा धोकाही वाढतो. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या स्लॅबमधे तर ९० टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते, ऑस्ट्रेलियाने तो २०२४ ला बंदच केला. कापताना पाणी सोडा, चिखल होतो, होऊ दे.

रुमाल बांधला की झालं, असं नाही. एन९५ घ्या, आणि दाढी वाढवली असेल तर तोही नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. गूळ खाल्ला की धूळ साफ होते म्हणतात, गूळ पोटात जातो राव, फुफ्फुसात नाही.

आणि खोकला घेऊन दवाखान्यात गेलात की काम काय करता, किती वर्षं करता, हे विचारायची वाट न बघता आपणच सांगा.